रेघ कोणाची?

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून अलिबागला फाटा फुटतो, ते आमचे वडखळ. तुमच्यापैकी पुष्कळांची एस.टी. कधी ना कधी इथे थांबली असेल, चहा झाला असेल, गरम वडा खाल्ला असेल. नाक्यावरून पाहिले तर गाव म्हणजे गाड्या, धूळ आणि हॉटेले. पण रस्ता सोडून थोडे आत चाललात की भाताची खाचरे लागतात, आणि त्यांच्या पलीकडे खाडीचे फाटे. हा खारेपाटाचा मुलूख. इथल्या माणसाला हद्द म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. खाडीकडच्या बाहेरकाठ्याला उधाणात खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, आणि मग पुढची काही वर्षे त्या जमिनीत धड दाणा पिकत नाही. अशा गावात वाढलेल्या मला एका रेघेने चारचौघांत खाली मान घालायला लावली, तीही वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. ती रेघ फुटबॉलच्या मैदानावरची होती.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरी फुटबॉल कुठून आला? आमच्याकडेही तो नव्हताच. रायगडात खेळ म्हणजे कबड्डी. पण १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री गावातल्या पोरांनी देवळापुढे पडदा लावला आणि अर्जेंटिना व फ्रान्स यांचा विश्वचषकाचा शेवटचा सामना सगळ्यांना दाखवला. भात झोडून झाले होते, माणसे मोकळी होती, त्यामुळे म्हातारीकोतारीही घोंगडी पांघरून बसली. सामना तीन-तीन गोलांवर बरोबरीत सुटला. त्या सहा गोलांपैकी तीन पेनल्टीवर झाले, आणि शेवटी निकालही पेनल्ट्या मारूनच लागला, चार विरुद्ध दोन. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गुरचरणावर चेंडू दिसू लागला.

पंच म्हणून पोरांनी मला धरले. कारण एवढेच, की गावात मोठा फुटबॉल डोळ्यांनी पाहिलेला माणूस मीच. ऐन तारुण्यात मी मुंबईला गिरणीत होतो. मफतलाल, ऑर्के अशा गिरण्यांचे त्या काळी फुटबॉलचे संघ असत, आणि कुपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने होत. पाळी सुटली की आम्ही चाळीतली चार-पाच जणे जात असू. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, गिरणी सुटली ती सुटलीच, आणि मी गावी येऊन भात लावू लागलो. पण सामने पाहणे वेगळे आणि कायदा ठाऊक असणे वेगळे, हे मला तेव्हा कळायला हवे होते. बैलगाड्यांच्या शर्यती पाहणाऱ्या प्रत्येकाला बैल थोडाच हाकता येतो!

आता त्या चौकटीविषयी सांगतो, कारण सगळे रामायण तिच्यापायी झाले. गोलाचे दोन खांब एकमेकांपासून ८ यार्डांवर, म्हणजे २४ फुटांवर असतात. प्रत्येक खांबापासून बाहेरच्या अंगाला १८ यार्ड मोजायचे आणि तेवढेच मैदानात पुढे यायचे. जी चौकट होते ती ४४ यार्ड रुंद आणि १८ यार्ड खोल. मीटरमध्ये ४०.३२ आणि १६.५. आपल्या हिशेबात सांगायचे तर साडेसहा गुंठे! मोठे मैदान सुमारे पावणेदोन एकराचे असते, त्यात गोलापुढचा हा साडेसहा गुंठ्यांचा तुकडा म्हणजे सोन्याच्या भावाची जमीन. कोणी त्याला डी म्हणतात, कोणी बॉक्स. या तुकड्यात गोलकीपरला चेंडू हातात घेता येतो, बाहेर नाही. आणि या तुकड्यात बचाव करणाऱ्याने समोरच्याला पाडले, ओढले, ढकलले किंवा मुद्दाम हात लावून चेंडू अडवला, तर पेनल्टी. गोलापासून १२ यार्डांवर, म्हणजे ११ मीटरवर, चेंडू ठेवायचा. समोर फक्त गोलकीपर, बाकी सगळे चौकटीबाहेर. तोच गुन्हा हातभर अलीकडे झाला तर साधी फ्री किक, मध्ये माणसांची भिंत उभी, गोल होईल न होईल. म्हणजे हातभर जागेवरून सामन्याचा निकाल फिरतो. वडखळच्या माणसाला हे नवीन नाही. आमच्याकडे हातभर जागेवरून घरे फिरली आहेत.

आमच्या गुरचरणावर एवढी जागा कुठली? आम्ही सगळेच लहान केले. गोल बांबूचे, आणि रेघा भाताच्या गिरणीतून आणलेल्या तुसाच्या राखेच्या. राख घमेल्याने ओतली, त्यामुळे रेघ फूटभर रुंद झाली. कायद्याप्रमाणे ती पाच इंचांहून, म्हणजे १२ सेंटिमीटरहून, जास्त रुंद असता कामा नये. आमची रेघ नव्हती, बांधच होता तो!

२०२३ च्या पौषात दोन आळ्यांचा सामना झाला. एका आळीकडून माझा नातू बचावाला, दुसरीकडून माझ्या थोरल्या भावाचा नातू पुढे. थोरल्या भावाला आम्ही दादूस म्हणतो. त्याचा नातू तो माझाही नातूच, पण त्या दिवशी तो समोरचा होता. माझ्या नातवाच्या आळीने एक गोल आधीच केलेला. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना दादूसचा नातू चेंडू घेऊन निघाला तो दोघांना चकवून चौकटीपर्यंत आला, आणि माझ्या नातवाने मागून पाय घालून त्याला आडवा केला. पोरगा राखेत पडला. तोंड, हात, सदरा, सगळे काळेकरडे.

मी शिट्टी मारली. फाऊल होता, त्यात वाद नव्हता. पण कुठे? पाय लागला तो बरोबर त्या राखेच्या पट्ट्यावर. पोरे ओरडू लागली, “आजोबा, पेनल्टी! पेनल्टी!” मी विचार केला तो शेतकऱ्याचा. बांध असतो तो ना या शेताचा ना त्या शेताचा, तो दोघांचा. त्यावर गुरे नेली तर कोणी कोणाला बोलत नाही. तेव्हा रेघेवर झाले ते चौकटीत झाले असे म्हणता येणार नाही. मी रेघेच्या बाहेर बोट दाखवले. फ्री किक. सहा जणांची भिंत उभी राहिली, चेंडू कोणाच्या तरी गुडघ्याला लागून बाहेर गेला, आणि सामना संपला.

दादूस कडेला काठी टेकून उभा होता. तो ओरडला नाही. जवळ येऊन एवढेच म्हणाला, “बांधावर केलास, तोच न्याय इथं केलास.” आणि घरी गेला.

त्या बोलण्याचा अर्थ तुम्हांला सांगायला हवा, नाहीतर तुम्हांला वाटेल म्हातारा खेळावरून रुसला. वडील गेल्यावर आमच्या वाटण्या झाल्या. त्याचे खाचर आणि माझे खाचर लागून. मधला बांध तेव्हा दोन हात रुंद होता. भाऱ्याखाली वाकलेला गडी त्यावरून न डगमगता चालत जाई. आज त्यावर पावलापुढे पाऊल टाकावे लागते. बांध आपोआप रोड होत नाही. चिखलणीच्या वेळी बांध ताशीत जाताना फावडे दोन बोटे जास्त आत गेले, की गेले. तो म्हणे तू ताशीस, मी म्हणे तू ताशीस. खरे काय ते आज लिहितो, इतक्या वर्षांत ते तोंडाने बोललो नाही. मीही ताशीत होतो. मला वाटे, तो ताशीतच असणार, मग आपण का नुकसान सोसायचे? त्यालाही हेच वाटत असणार.

तेव्हा त्या दिवशी रेघ कोणाचीच नाही असे मी ठरवले, ते अज्ञानाने की आपला नातू गुन्हेगार होता म्हणून? कोणी तेव्हा विचारले असते तर मी छातीवर हात ठेवून अज्ञानाने म्हणालो असतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीवरचा तो हात जड व्हायचा. दादूस बोलेनासा झाला. वहिनी भेटली तर डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे जायची. कोणाच्या घरी कार्य असले की आम्ही दोघे दोन पंगतींना बसायचो.

त्याच चैत्रात गावातून अंबाबाई आणि जोतिबाला टेम्पो गेला. कोल्हापुरात दर्शन झाल्यावर मंडळी खरेदीला पांगली आणि मी विचारत विचारत शाहू स्टेडियमवर जाऊन पोचलो. कोल्हापूरची गोष्टच न्यारी. तिथे कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, ही नावे तिथे घराघरात घेतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्या आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात भारतावर पहिला गोल झाला तोही पेनल्टीवर. त्या दिवशी माझ्या शेजारी एक टोपीवाले म्हातारबुवा भुईमुगाच्या शेंगा सोलीत बसले होते. मैदानातल्या प्रत्येक शिट्टीआधी ते शिट्टीचे कारण सांगत होते. मला धीर आला. मी आमच्या सामन्याची हकीगत सांगितली, नातवंडांचे नाते तेवढे गाळून, आणि विचारले, “रेघेवर झाला तर काय?”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी भात कशाला म्हणतात असे विचारले. “अवो पावणं, रेघ डीचीच की! पेनल्टी द्याया पायजे हुती.”

कायद्यात हे पहिल्याच कलमात आहे, हे मला मागाहून कळले. ज्या जागेची हद्द ती रेघ दाखवते, त्या जागेचीच ती रेघ. चौकटीची रेघ चौकटीत धरायची. कडेची रेघ मैदानात धरायची; म्हणून चेंडू रेघेवर असला तरी तो बाहेर गेला नाही, पूर्ण पलीकडे गेला तरच बाहेर. मध्ये सामाईक असे काही नाही.

म्हातारबुवांनी मध्यंतरात आणखी माझ्या चुका दाखवल्या. पुढे जे अर्धवर्तुळ काढतात, ते मी चौकटीतच धरीत होतो. ते चुकीचे. पेनल्टी मारताना इतरांनी चेंडूपासून १० यार्ड लांब राहायचे असते, आणि चौकटीची पुढची रेघ चेंडूपासून जेमतेम ६ यार्डांवर. उरलेले अंतर दाखवायला ते अर्धवर्तुळ. त्यात कोणाला पाडले तर पेनल्टी नाही. गोलकीपरचे पाय चौकटीत आणि हातातला चेंडू बाहेर, असे झाले तर? चेंडू कुठे आहे ते पाहायचे, पाय नाही. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना इथे कोणी कोणाला पाडले तर? पाडले तिथला न्याय, चेंडू कुठेही असो. बाहेर धरलेली बंडी आत येईपर्यंत सोडली नाही तर? पेनल्टीच. मात्र आतला प्रत्येक गुन्हा पेनल्टीचा नसतो. आपल्याच गड्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घेतला, तर १९९२ पासून समोरच्याला फ्री किक मिळते. पण तिच्यावरून चेंडू दुसऱ्या कोणाला लागल्याशिवाय गोल धरीत नाहीत.

ही पेनल्टी आली कुठून, ते ऐकण्यासारखे आहे. आयर्लंडमध्ये मिलफर्ड नावाचे खेडे आहे. तिथे जवसाच्या झाडाच्या धाग्यापासून कापड विणणारी गिरणी होती. त्या गिरणीवाल्याचा मुलगा विल्यम मॅक्रम हा गावच्या संघाचा गोलकीपर. संघ असा, की १८९०-९१ च्या आयरिश स्पर्धेत सगळेच्या सगळे सामने हरला! गोलापाशी उभे राहून मॅक्रमने एक गोष्ट पाहिली. गोल होणार असे दिसले की बचाववाले सरळ माणूस पाडतात, कारण शिक्षा तेवढीच, जेवढी मैदानाच्या मध्यावर पाडल्याची. त्याने सुचवले, गोलापुढच्या गुन्ह्याला गोलाएवढीच शिक्षा द्या. तेव्हाच्या बड्या लोकांना राग आला. सभ्य माणूस मुद्दाम पाडतो असे धरून चालणे हाच अपमान, असे त्यांचे म्हणणे. पण १८९१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये नॉट्स काउंटी आणि स्टोक यांच्या सामन्यात एका बचाववाल्याने गोलात जाणारा चेंडू हाताने अडवला. स्टोकला मिळाली नुसती फ्री किक, तीही गोलाच्या तोंडाशी. गोलकीपरने ती अडवली आणि स्टोक एका गोलाने हरला. २ जून १८९१ रोजी मॅक्रमचा नियम मंजूर झाला. गंमत म्हणजे आपला मुंबईचा रोव्हर्स चषक सुरू झाला तोही १८९१ सालीच. तो या शतकाच्या आरंभी बंद पडला, पेनल्टी मात्र आहे.

सुरुवातीला आजची चौकट नव्हती. गोलापासून १२ यार्डांवर मैदानभर एक आडवी रेघ असे, तिच्यावर कुठेही चेंडू ठेवून मारायचे. गोलकीपर सहा यार्ड पुढे धावून येऊ शके. ते १९०५ मध्ये बंद झाले. चौकट आली १९०२ साली, अर्धवर्तुळ १९३७ साली. १९१२ पर्यंत तर गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येई. म्हणजे हा कायदाही बांधासारखा वर्षानुवर्षे माती घालूनच तयार झाला आहे. फरक एवढाच, की तो ताशून कोणी लहान केला नाही.

कोल्हापूरहून परतल्यावर आठ दिवस मी टाळले. मग एका संध्याकाळी दादूसच्या ओटीवर गेलो. तो चटईवर बसून सुंभ वळीत होता. मान वर केली नाही.

मी म्हणालो, “दादूस, ती पेनल्टी होती. मी चुकलो.”

बराच वेळ तो सुंभच वळीत राहिला. मग म्हणाला, “मला काय सांगतोस? मी खेळलो व्हतो काय? पोराला सांग.”

पोरगा आतच होता. त्याला बाहेर बोलावून मी सांगितले, चारचौघांत सांगायचे तर गुरचरणावर येऊनही सांगेन. तो हसला. “आजोबा, त्याच रात्री मी मोबाईलमध्ये कायदा वाचला व्हता. तुम्हांला दाखवायला येणार व्हतो, पण आमच्या आजोबांनी येऊ दिलं नाही.”

“का रे?”

उत्तर दादूसने दिले. “माणसाला आपणहून कळतं की नाही, ते बघायचं व्हतं.”

मग मी दुसरी गोष्ट बोललो. बांधाची. मीही ताशीत होतो, हे सांगितले. तो सुंभ वळायचा थांबला. वहिनीने चहा आणून ठेवला होता, तो निवून गेला. त्याने आपलेही सांगितले की नाही, ते मी इथे लिहीत नाही. तो त्याचा प्रश्न. एवढे झाले, की मृगाआधी आम्ही दोघांनी दोन टोकांना खुंट्या मारल्या, मध्ये सुंभ ताणले आणि दोन्ही बाजूंनी सारखी माती घेऊन बांध हातभर रुंद केला. पूर्वीचे दोन हात काही झाले नाहीत. खुंटी नेमकी कुठे मारायची यावर पाऊण तास वाद झाला आणि मोजणी आणण्यापर्यंत भाषा गेली. मोजणीचा अर्ज आम्ही अजून घातलेला नाही. फुटबॉलच्या कायद्यात रेघ कोणाची हे एका वाक्यात लिहिले आहे. तसे वाक्य आमच्या बांधाला मिळालेले नाही, आणि एखादे वर्ष पुन्हा कुरबूर होईल हे मला दिसते आहे.

पुढच्या पौषात, २०२४ मध्ये, पोरांनी पुन्हा सामना ठरवला. मी पंच होणार नाही म्हणालो, तर दादूसचाच नातू शिट्टी घेऊन दारात उभा. सामन्याआधी मी सगळ्यांना गोळा करून मागच्या वर्षीची चूक सांगितली. काही पोरे खाली बघून हसली, हसू देत. या खेपेला रेघा सुंभ ताणून काढल्या, रुंदी पाच इंच. राख माझ्या नातवाने टाकली, सुंभाचे एक टोक मी धरले आणि दुसरे दादूसने, कंबर धरून वाकत.

दुसऱ्या डावात दादूसच्या आळीच्या एका पोराने रेघेवर उभे राहून चेंडू हाताने अडवला. मी शिट्टी मारून चौकटीत बोट दाखवले. त्याच्या आळीची पोरे माझ्या अंगावर धावून आली, “आजोबा, रेघेवर व्हता तो, आत नव्हता!” मी काही बोलण्याआधी कडेवरून दादूस काठी उगारून ओरडला, “रेघ आतलीच असते रे, गाढवांनो! मागं व्हा!”

पेनल्टी माझ्या नातवाने मारली. चेंडू बांबूच्या वरून गेला तो थेट खाजणात, चिखलात रुतून बसला. तो काढायला दादूसचा नातू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला, आणि तो परत येईपर्यंत आम्ही सगळे थांबलो.